चार महिने त्रास झाला नाही, तो कशाने? मूत्रमार्गाचा वारंवार होणारा संसर्ग आणि होमिओपॅथी: एक प्रकरण

हे प्रकरण एका बाईंचं म्हणून लिहिलं असलं, तरी ते कुणा एकीचं नाही. वारंवार संसर्ग होणाऱ्या अनेक जणींच्या केसपेपरांत जे पुन्हा पुन्हा दिसतं, ते इथे एकत्र केलं आहे. संशोधनातले आकडे मात्र जसेच्या तसे आहेत.

काय घडलं

वय ५४, पाळी जाऊन तीन वर्षं झालेली. मधुमेह नाही, मुतखडा नाही, कसलं ऑपरेशन नाही. गेल्या चौदा महिन्यांत पाच वेळा लघवीचा संसर्ग झालेला. लक्षणं दर वेळी तीच: उन्हाळी लागल्यासारखी जळजळ, दर अर्ध्या तासाने लघवीची घाई, गेल्यावर चार थेंब आणि शेवटी ओटीपोटात कळ. पाचही वेळा अँटिबायोटिक मिळालं, त्यातले तीन कोर्स सिप्रोफ्लॉक्सासिनचे. कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी, फक्त एकदा केलेली, तीही औषध सुरू झाल्यावर, त्यामुळे त्यात काहीच उगवलं नाही.

पाचव्या कोर्सनंतर त्या वैतागल्या. पोट बिघडायचं, अंगावरून पांढरं जायचं, आणि दोन महिन्यांनी पुन्हा तेच. नात्यातल्या कुणीतरी सुचवलं म्हणून त्या होमिओपॅथीकडे वळल्या. तिथे त्यांना तासभर प्रश्न विचारले गेले: झोप कशी, राग येतो का, थंडी सोसते का, पाळी गेल्यापासून काय बदललं. इतकं ऐकून घेणारं आजवर कुणी भेटलं नव्हतं, असं त्यांनी आम्हाला सांगितलं. औषध मिळालं सेपिया २००, ठरावीक अंतराने. पुढचे चार महिने एकदाही त्रास झाला नाही.

पाचव्या महिन्यात जळजळ सुरू झाली. फोनवर कँथरिस २०० सांगितलं गेलं, दर दोन तासांनी. दुसऱ्या दिवशी कळ थोडी कमी वाटली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी हुडहुडी भरून ताप आला. औषध लागू पडताना त्रास आधी वाढतो, घाबरू नका, असं उत्तर मिळालं. चौथ्या दिवशी सकाळी उलट्या सुरू झाल्या आणि घरचे त्यांना आमच्याकडे घेऊन आले.

ताप १०२.६, नाडी ११२. उजवीकडे पाठीत, शेवटच्या बरगडीच्या खाली हलकीशी थाप मारली तरी त्या कळवळल्या. लघवीच्या पट्टीवर नायट्राइट आणि पांढऱ्या पेशी दोन्ही पॉझिटिव्ह. रक्तदाब टिकून होता, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू. संसर्ग मूत्राशयातून वर मूत्रपिंडापर्यंत पोचला होता. लघवीचं आणि रक्ताचं कल्चर पाठवून लगेच शिरेतून सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन सुरू केलं. ४८ तासांत ताप उतरला. लघवीच्या कल्चरमध्ये ई-कोलाय हा जंतू आला. सिप्रोफ्लॉक्सासिनला तो दाद देत नव्हता. तीन कोर्स झाल्यावर यात नवल नव्हतं. नायट्रोफ्युरँटॉइन चालेल असा अहवाल होता, पण ते औषध लघवीत उतरतं, मूत्रपिंडाच्या ऊतींत पुरेसं पोचत नाही, म्हणून या वेळी ते कामाचं नव्हतं. कोट्रायमॉक्साझोल चालत होतं. तोंडाने ते देऊन दहा दिवसांचा उपचार पूर्ण केला.

प्रकरण इथे मिटलं असतं, पण घरी जाण्याआधी त्यांनी दोन गोष्टी पुढे केल्या. पहिला होता प्रश्न: "ते चार महिने मला काहीच झालं नाही, ते कशाने?" दुसरा फोनवर उघडलेला एक शोधनिबंध, ज्यात होमिओपॅथीने लघवीचे संसर्ग कमी झाल्याचं लिहिलेलं होतं. "हे तर डॉक्टरांनीच लिहिलंय ना?"

दोन्हींना नीट उत्तर मिळायला हवं होतं. "काही अर्थ नाही त्यात" एवढं म्हणून मोकळं होणारे डॉक्टर त्यांना आधीच भेटले होते, आणि त्यातूनच त्या दुसरीकडे गेल्या होत्या.

आधी तो शोधनिबंध

निबंध खरा आहे आणि नावाजलेल्या ठिकाणचा आहे. स्वित्झर्लंडमध्ये नॉटविलला पाठीच्या कण्याला इजा झालेल्या रुग्णांसाठी मोठं पॅराप्लेजिक सेंटर आहे. तिथले यूरॉलॉजिस्ट यूर्गन पानेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये आधी आठ रुग्णांचा अनुभव मांडला आणि नंतर २०१९ मध्ये ३५ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कण्याला इजा झाली की मूत्राशयावरचा ताबा जातो, लघवी साचून राहते, कॅथेटर लागतो आणि संसर्ग पुन्हा पुन्हा होतो. वर्षाला किमान तीन संसर्ग होणारे रुग्ण या अभ्यासात घेतले होते. दहा जणांना नेहमीचे प्रतिबंधक उपाय दिले. २५ जणांना तेच उपाय आणि त्यांच्या जोडीला होमिओपॅथी. वर्षभरात होमिओपॅथीच्या गटात संसर्गांची संख्या लक्षणीय कमी झाली, दुसऱ्या गटात होती तेवढीच राहिली.

बाईंनी एवढंच वाचलं होतं. निष्कर्षाचं वाक्य वाचलं की कुणालाही वाटेल, प्रश्न सुटला. खरी माहिती असते ती पद्धतीच्या भागात, म्हणून तो भाग त्यांच्याबरोबर बसून वाचला.

गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते. ज्यांना होमिओपॅथी हवी होती, ते त्या गटात गेले. ज्याला एखादा उपाय हवासा वाटतो, त्याच्या अपेक्षा, पथ्यपाणी, स्वतःची काळजी घेण्याची तऱ्हा हे सगळं दुसऱ्यापेक्षा वेगळं असू शकतं, आणि तो फरक गोळीच्या खात्यावर जमा होतो. दुसरं म्हणजे आपण काय घेतोय हे प्रत्येकाला ठाऊक होतं. तुलनेच्या गटाला दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी, म्हणजे प्लासिबो, दिलेली नव्हती. तिसरं, संसर्ग किती झाले हे रुग्णांनी स्वतः सांगितलेलं होतं. औषधावर विश्वास बसलेला माणूस थोडीशी जळजळ सोडून देतो, विश्वास नसलेला तिलाच संसर्ग म्हणतो. यात कुणी खोटं बोलत नसतं. आपण जे मोजतोय त्यावर आपल्या अपेक्षेची सावली पडते, एवढंच. आणि २५ विरुद्ध १० या संख्येत दोन-चार जणांचं वर्ष बरं-वाईट गेलं तरी चित्र पालटतं.

होमिओपॅथीच्या गटाला आणखी एक गोष्ट मिळाली होती: वेळ. सविस्तर मुलाखत, पुन्हा पुन्हा भेटी, आपुलकीने विचारपूस. याचा परिणाम होत नाही असं मी म्हणणार नाही. पण तो परिणाम गोळीतल्या पदार्थाचा आहे की विचारपुशीचा, हे या अभ्यासाच्या रचनेतून वेगळं काढताच येत नाही.

लेखकांवर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगायला हवं की त्यांनी होमिओपॅथी "जोडीला" वापरली होती, आणि निष्कर्षही तसाच, जोड-उपचाराचा काढला आहे. अँटिबायोटिकच्या ऐवजी गोळ्या द्या, असं त्या निबंधात कुठेही नाही. तीव्र संसर्ग होमिओपॅथीने बरा होतो का, हा प्रश्न त्यांनी तपासलेलाच नाही. आमच्या रुग्णाला कण्याची इजा नाही, कॅथेटर नाही, आणि त्यांना जडलेल्या संसर्गात कँथरिस अँटिबायोटिकच्या जागी दिलं गेलं. म्हणजे निबंध एका प्रश्नाचा होता आणि तो वापरला गेला भलत्याच प्रश्नाला.

आशादायक अभ्यासाचं पुढे काय होतं

छोट्या, खुल्या (कोण काय घेतंय हे सगळ्यांना ठाऊक असलेल्या) अभ्यासावर मी इतका वेळ का घालवतोय, असं वाटेल. कारण याच आजारात, अगदी अलीकडे, असाच एक उपाय मोठ्या कसोटीला उतरवला गेला आणि काय झालं ते सगळ्यांसमोर आहे. तो उपाय होमिओपॅथीचा नाही, त्यामुळे कुणाची बाजू घेण्याचा प्रश्न नाही.

डी-मॅनोज ही एक साखर. ई-कोलाय ज्या धाग्यांनी मूत्राशयाच्या अस्तराला चिकटतो, ते धागे मॅनोजला धरतात. मग लघवीत मॅनोज असेल तर जंतू त्यालाच चिकटून बाहेर पडेल, अशी कल्पना. कल्पना पटण्यासारखी आहे. क्रोएशियातला ३०८ स्त्रियांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांत डी-मॅनोज घेणाऱ्यांपैकी सुमारे १५ टक्के जणींना पुन्हा संसर्ग झाला, नायट्रोफ्युरँटॉइन घेणाऱ्यांत सुमारे २० टक्के, आणि काहीच न घेणाऱ्यांत तब्बल ६० टक्के. गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले होते, पण काहीच न घेणाऱ्यांना प्लासिबो दिलेला नव्हता. डी-मॅनोजच्या पुड्या सगळीकडे विकल्या जाऊ लागल्या.

मग ब्रिटनमध्ये ५९८ स्त्रियांवर चाचणी झाली, २०२४ मध्ये ती प्रसिद्ध झाली. सगळ्यांना वारंवार संसर्ग होणारा. निम्म्यांना डी-मॅनोज, निम्म्यांना तशीच दिसणारी दुसऱ्या साखरेची पूड, आणि कोण काय घेतंय हे रुग्णालाही ठाऊक नाही, डॉक्टरलाही नाही. सहा महिन्यांत पुन्हा संसर्गाची तक्रार घेऊन डॉक्टरकडे जावं लागलेल्या स्त्रिया डी-मॅनोजच्या गटात ५१ टक्के, प्लासिबोच्या गटात ५५.७ टक्के. हा फरक योगायोगाने पडू शकतो एवढाच. साठाच्या पंधरावर आलेला तो चमत्कार प्लासिबो समोर ठेवताच दिसेनासा झाला.

मॅनोजमागे निदान समजण्यासारखी जीवशास्त्रीय कारणमीमांसा होती. तरीही खुल्या अभ्यासाने एवढी मोठी दिशाभूल केली. नॉटविलच्या अभ्यासात तर गटही चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते.

आता चार महिन्यांचं उत्तर

बाईंच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर याच ब्रिटिश चाचणीत आहे, आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. प्लासिबो घेणाऱ्या ५५.७ टक्के जणींना सहा महिन्यांत पुन्हा त्रास झाला, म्हणजे सुमारे ४४ टक्के जणींना सहा महिन्यांत डॉक्टरकडे जावंच लागलं नाही. या सगळ्या वारंवार संसर्गाने गांजलेल्या स्त्रिया होत्या: सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा संसर्ग झाल्याशिवाय चाचणीत प्रवेश नव्हता. औषध नसलेल्या पुडीवर त्यांच्यातल्या शंभरांपैकी चव्वेचाळीस जणींचे सहा महिने बरे गेले. आमच्या बाईंचे चार महिने बरे गेले, त्यासाठी वेगळं कारण शोधायची गरज उरत नाही.

याचं कारण आजाराच्या स्वभावात आहे. हे संसर्ग सारख्या अंतराने येत नाहीत. ते घोळक्याने येतात, मग थांबतात. आणि माणूस नवा उपाय करून बघतो तो नेमका घोळक्याच्या शेवटी, अगदी कंटाळल्यावर. त्यानंतरचा काळ आधीच्यापेक्षा बरा जाण्याचीच शक्यता जास्त, मग त्या दिवशी सेपिया घेतलेलं असो, क्रॅनबेरी असो की काहीच नसो. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणं म्हणतात. बाईंनी हे ऐकून थोडा वेळ विचार केला आणि म्हणाल्या, "मग अँटिबायोटिकनंतरही मधे तीन महिने बरे गेले होते, तेही असंच का?" हो, तेही असंच असू शकतं. त्यांचा हा प्रश्न आमच्या उपचारांनाही तितकाच लागू आहे, आणि त्याकडे पुढे येतोच.

तीव्र संसर्गात थांबलं तर

हा भाग दोन्हीकडच्या डॉक्टरांना जरा अडचणीचा आहे. मूत्राशयापुरता मर्यादित, साधा संसर्ग बऱ्याच निरोगी स्त्रियांत अँटिबायोटिकशिवाय बरा होतो. बेल्जियममध्ये ७८ स्त्रियांवर झालेल्या २००२ च्या चाचणीत तिसऱ्या दिवशी नायट्रोफ्युरँटॉइन घेणाऱ्या ७७ टक्के जणींना आराम होता, आणि प्लासिबो घेणाऱ्या ५४ टक्के जणींनाही होता. म्हणजे कुठलीही गोळी दिली तरी तीन दिवसांत निम्म्याहून जास्त रुग्ण "फरक पडला" असं सांगणार. होमिओपॅथीच्या दवाखान्यात रोज यशाचे अनुभव का येतात, हे यावरून कळतं. तिथले डॉक्टर फसवत नाहीत. त्यांना जे दिसतं तेच ते सांगतात. न बरं झालेले रुग्ण मात्र ताप चढल्यावर दुसऱ्याच दारात जातात, आणि पहिल्या डॉक्टरला ते बऱ्याचदा कळतही नाही.

अँटिबायोटिक न देता थांबण्याची किंमत किती, हेही मोजलेलं आहे. जर्मनीत ४९४ स्त्रियांवर झालेल्या चाचणीत (२०१५) एका गटाला आधी फक्त आयब्युप्रोफेन हे वेदनाशामक दिलं, दुसऱ्याला फॉस्फोमायसिन हे अँटिबायोटिक. आयब्युप्रोफेनच्या गटातल्या सुमारे दोन तृतीयांश जणींना अँटिबायोटिक लागलंच नाही. पण मूत्रपिंडापर्यंत संसर्ग गेला तो त्या गटात पाच जणींना, फॉस्फोमायसिनच्या गटात एकीला. स्वित्झर्लंडमधल्या २५३ स्त्रियांच्या चाचणीत (२०१७) डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाच्या गटात सहा जणींना, नॉरफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकच्या गटात एकीलाही नाही. नॉर्वे, स्वीडन आणि डेन्मार्कमधल्या ३८३ स्त्रियांच्या चाचणीत (२०१८) सातही जणी आयब्युप्रोफेनच्याच गटातल्या. तीन देशसमूह, तीन वेगळी अँटिबायोटिक्स, दिशा एकच.

त्यामुळे "दोन दिवस वेदनाशामकावर बघू, कमी नाही झालं तर अँटिबायोटिक सुरू करा" हा मार्ग गैर नाही. प्रतिरोधक जंतूंचा विचार करता तो कित्येकदा शहाणपणाचा आहे. पण त्याला अटी आहेत. रुग्ण गरोदर नसावी, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार नसावा, आणि ताप, थंडी, कंबरेच्या वर पाठीत दुखणं, उलट्या यांतलं काहीही दिसलं की त्याच दिवशी यायचं, हे तिला आधी सांगितलेलं असावं. आमच्या प्रकरणात बिघडलं ते इथे. पहिले दोन दिवस कँथरिसवर काढले म्हणून नव्हे. ते दोन दिवस नुसत्या पाण्यावरही गेले असते. बिघडलं ते तिसऱ्या संध्याकाळी, जेव्हा हुडहुडी भरून आलेल्या तापाला औषध लागू पडल्याची खूण म्हटलं गेलं. आजार वाढला तरी तो उपचाराचाच पुरावा धरायचा, ही सवय कुठल्याही पद्धतीत घातक आहे. मूत्रपिंडाच्या संसर्गात तर एका रात्रीचा उशीरसुद्धा रक्तात जंतू जायला पुरतो.

कँथरिस, सेपिया आणि पातळ करत जाणं

कँथरिस तयार होतं ते एका हिरव्या, चकाकत्या भुंगेऱ्यापासून. त्याच्यातलं कँथरिडिन हे विष पोटात गेलं तर मूत्रमार्गाची भयंकर आग होते, लघवीतून रक्त जातं. जे निरोगी माणसात लक्षण निर्माण करतं तेच सूक्ष्म मात्रेत ते लक्षण बरं करतं, हे होमिओपॅथीचे जनक हानेमान यांचं तत्त्व. त्यामुळे लघवीच्या जळजळीला कँथरिस सुचणं हे त्या पद्धतीच्या आतून पाहिलं तर सुसंगत आहे.

अडचण मात्रेची आहे. शंभरात एक भाग असं एकदा पातळ केलं की एक पोटेन्सी. बारा वेळा केलं की मूळ पदार्थ १ वर २४ शून्यं इतक्या भागांत एक भाग उरतो. एका मोल पदार्थात रेणू असतात सुमारे ६०२२ वर २० शून्यं. म्हणजे बाराव्या पायरीच्या आसपासच मूळ पदार्थाचा एखादा रेणू सापडण्याची आशा संपते. २०० पोटेन्सीला हेच दोनशे वेळा केलेलं असतं. मूत्राशयदाह घडवलेल्या उंदरांना कँथरिस देऊन काही दाहघटकांत बदल दिसल्याचा एक प्रयोगशाळेतला अभ्यास आहे. तो कमी पोटेन्सीचा आहे, आणि उंदराच्या मूत्राशयातल्या दाहघटकांपासून माणसाच्या मूत्रपिंडाचा संसर्ग टळण्यापर्यंतचं अंतर त्याने कापलेलं नाही.

होमिओपॅथीच्या एकूण पुराव्याचं काय? ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये ६१ आजारांवरचे १७६ अभ्यास तपासले आणि एकाही आजारात ती परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा मिळाला नाही, असं म्हटलं. याच्या उलट बाजूचा सगळ्यात मजबूत दाखला म्हणजे रॉबर्ट मॅथी यांचा २०१४ चा आढावा. व्यक्तीनुसार औषध निवडून, प्लासिबोशी तुलना केलेल्या ३२ चाचण्या त्यांना मिळाल्या, २२ मधून आकडे काढता आले, आणि एकत्रित निकाल होमिओपॅथीच्या बाजूने थोडा झुकलेला होता. पण विश्वासार्ह म्हणाव्यात अशा चाचण्या फक्त तीन निघाल्या, आणि पुराव्याचा दर्जा पाहता सावध राहावं, असं लेखकांनीच लिहिलं. त्यात २०२२ च्या एका पाहणीची भर घाला: नोंदणी झालेल्या होमिओपॅथी चाचण्यांपैकी सुमारे ३८ टक्के कधी प्रसिद्धच झाल्या नाहीत, आणि प्रसिद्ध झालेल्यांपैकी ५३ टक्के नोंदवलेल्याच नव्हत्या. प्रसिद्ध न झालेले निकाल साधारणपणे कुठल्या बाजूचे असतात, हे वेगळं सांगायला नको.

"आमचं औषध प्रत्येकाला वेगळं, मग त्याची चाचणी कशी घेणार?" असं होमिओपॅथीच्या बाजूने नेहमी विचारलं जातं. मॅथी यांच्या ३२ चाचण्या हेच त्याचं उत्तर आहे. डॉक्टरने तासभर बोलून हवं ते औषध निवडायचं. औषध बांधून देणाऱ्याने चिठ्ठीप्रमाणे खरी गोळी किंवा तशीच साधी गोळी द्यायची. डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही ते कळू द्यायचं नाही. लघवीच्या संसर्गात तर निकाल कल्चरने मोजता येतो. तब्येतीत "बरं वाटतंय" यापेक्षा ही मोजणी कितीतरी पक्की. डी-मॅनोजसाठी ५९८ स्त्रिया गोळा होऊ शकतात, तर सेपिया-कँथरिससाठीही होऊ शकतात. ज्यांना या औषधांची खात्री आहे, त्यांनीच ही मागणी लावून धरायला हवी.

केसपेपरात दडलेलं उत्तर

बाईंनी होमिओपॅथीचा केसपेपर सोबत आणला होता. त्यात एका ओळीत लिहिलं होतं: पाळी गेल्यापासून कोरडेपणा, संबंधाच्या वेळी दुखतं, तेव्हापासूनच लघवीचा त्रास. सेपियाची निवड बहुधा याच ओळीवरून झाली होती. पाच वेळा अँटिबायोटिक लिहून देणाऱ्या एकाही डॉक्टरच्या कागदावर ही ओळ नव्हती. प्रश्न बरोबर विचारला गेला होता, तो आमच्या पद्धतीत विचारला गेला नव्हता, आणि हे मला खरोखर बोचतं.

कारण या ओळीवर खात्रीचा उपाय आहे. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं, योनीमार्गाचं अस्तर पातळ होतं, तिथले लॅक्टोबॅसिलस हे उपकारक जंतू नाहीसे होतात आणि त्यांची जागा आतड्यातले जंतू घेतात. तिथून मूत्राशय दोन बोटांवर. राझ आणि स्टॅम यांनी १९९३ मध्ये पाळी गेलेल्या ९३ स्त्रियांवर चाचणी केली: काहींना योनीमार्गात लावायचं इस्ट्रिऑल (इस्ट्रोजेनचाच एक प्रकार) क्रीम, काहींना तसंच दिसणारं साधं क्रीम. महिन्याभरात इस्ट्रिऑलच्या गटातल्या ६१ टक्के जणींत लॅक्टोबॅसिलस परतले, साध्या क्रीमच्या गटात एकीतही नाही. संसर्गाचं प्रमाण: दर स्त्रीमागे वर्षाला ०.५ विरुद्ध ५.९.

बाईंची तपासणी केली. अस्तर फिकट, पातळ, हात लागताच दुखणारं. सोनोग्राफीत खडा नाही, लघवी झाल्यावर मूत्राशयात फारसं काही उरत नव्हतं. इस्ट्रिऑल क्रीम सुरू केलं, पहिले दोन आठवडे रोज, मग आठवड्यातून दोनदा. त्या पाणी फार कमी पीत होत्या, कारण कामाच्या ठिकाणी लघवीला जाणं नकोसं. रोज दीड लिटर जास्त पाणी पिणाऱ्या स्त्रियांत वर्षाला सरासरी १.७ संसर्ग आणि न पिणाऱ्यांत ३.२, असा १४० जणींच्या चाचणीचा (२०१८) निकाल आहे. हे आकडे समोर ठेवल्यावर त्यांना पाण्याचं पटलं. एवढ्यावर भागलं नाही तर मेथेनामीन हा पुढचा पर्याय ठरवून ठेवला. ते लघवीत जंतू वाढू न देणारं औषध आहे, अँटिबायोटिक नाही. ब्रिटनमधल्या २४० स्त्रियांच्या चाचणीत (२०२२) वर्षाला १.३८ संसर्ग मेथेनामीनवर आणि ०.८९ रोजच्या कमी मात्रेच्या अँटिबायोटिकवर, असा फरक होता. तो इतका थोडा की प्रतिरोध टाळण्यासाठी तो पत्करावा, असं बऱ्याच तज्ज्ञांना वाटतं. सिप्रोफ्लॉक्सासिन त्यांच्यापुरतं बंद. लक्षण आलं की औषधाआधी कल्चर. आणि लक्षण नसताना कल्चरमध्ये जंतू दिसले तर उपचार नाही, हेही स्पष्ट सांगितलं. अकारण दिलेल्या अँटिबायोटिकची सुरुवात पुष्कळदा तिथूनच होते.

वर्षभरानंतर

वर्षभरात एकदा जळजळ झाली. कल्चर पाठवून नायट्रोफ्युरँटॉइन पाच दिवस दिलं, त्यावर भागलं. मेथेनामीनची गरज पडली नाही.

यावर त्यांनी विचारलं, हे क्रीमनेच झालं हे कशावरून? सेपियाच्या चार महिन्यांना लावलेली तीच कसोटी त्यांनी क्रीमच्या वर्षाला लावली, आणि ती बरोबरच लावली. त्यांच्या एकट्या वर्षावरून इस्ट्रिऑलचा गुण सिद्ध होत नाही. ते वर्ष असंही चांगलं गेलं असतं, अशी शक्यता आहेच. क्रीमवर आमचा भरवसा त्यांच्या अनुभवातून आलेला नाही. तो चिठ्ठ्या टाकून पाडलेल्या दोन गटांतल्या फरकातून आला आहे, आणि दुसऱ्या गटाला तसंच दिसणारं क्रीम दिलेलं होतं. सेपियाच्या बाजूने असा फरक दाखवला गेला, तर त्याच्यावरही तसाच भरवसा ठेवावा लागेल.

अंगदुखी आणि झोपेसाठी त्या अजून होमिओपॅथीकडे जातात. त्याला आमची हरकत नाही. त्या डॉक्टरांना त्यांच्या संमतीने एक पत्र पाठवलं आहे: सोबत कल्चरचा अहवाल, चालू औषधं, आणि या रुग्णाला लघवीच्या त्रासासोबत ताप, थंडी, पाठीत दुखणं किंवा उलटी झाल्यास त्याच दिवशी आमच्याकडे पाठवावं, ही विनंती. त्याच पत्राची प्रत बाईंच्या फोनमध्ये आहे.